अलास्का: आधी जमीन, मग समुद्र

अलास्काला जाऊन आलेली आमच्या ओळखीतली सगळी मंडळी बोटीने गेली आणि बोटीनेच परतली. फोटो सुंदर असायचे. पुढे निळं पाणी, मागे पांढरे डोंगर. पण त्या डोंगरांच्या पलीकडे काय आहे, हे कुणालाच सांगता यायचं नाही. माझा नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं, हे बघितल्याशिवाय त्याला कुठलीच जागा पाहिल्यासारखी वाटत नाही. त्याने एकच अट घातली: आधी आतल्या मुलखात जायचं, नद्यांच्या उगमाकडे, आणि मग त्या जिथे समुद्राला मिळतात तिथे बोटीवर चढायचं. या अटीमुळे सहलीचा खर्च वाढला, विमानं वाढली, पण अलास्का कळायचा असेल तर हाच क्रम बरोबर आहे, असं आता मीही ठामपणे सांगते.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगते. अलास्का महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा आहे आणि तिथे माणसं राहतात साधारण सव्वासात लाख, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या निम्मीसुद्धा नाहीत. १८६७ साली अमेरिकेने हा सगळा प्रदेश रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला आणि १९५९ मध्ये त्याला राज्याचा दर्जा दिला. रस्ते मोजके आहेत. राजधानीच्या गावालासुद्धा बाहेरून रस्ता जात नाही.

आम्ही ऑगस्टच्या शेवटी निघालो. इकडे वेताळ टेकडी हिरवीगार होती, मांडवांचे बांबू रस्त्याकडेला येऊन पडायला लागले होते.

फेअरबँक्स

सिएटलहून फेअरबँक्सला उतरलो तेव्हा आमच्या दोन्ही बॅगा आल्या नव्हत्या. काउंटरवरच्या मुलीने पत्ता लिहून घेतला आणि "उद्या" असं सांगितलं. बाहेर सात अंश तापमान, बारीक पाऊस, आणि आमच्या अंगात सुती कपडे. ज्या घरात खोली घेतली होती तिथल्या आजी सत्तरीच्या पुढच्या होत्या. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता त्यांनी दाराजवळचं कपाट उघडलं. आत लहान-मोठ्या मापांची जाड जॅकेटं, लोकरीच्या टोप्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. "हिवाळ्यात कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली तर तो पहिल्या दिसेल त्या घरात येतो, म्हणून हे असंच ठेवायचं असतं," म्हणाल्या. मला मिळालेलं जॅकेट लाल होतं आणि त्याच्या खिशात कुत्र्याचं बिस्कीट होतं. ते मी मुक्कामभर वापरलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून त्यांनी नवऱ्याला तिथल्या जमिनीबद्दल सांगितलं. खालची माती वर्षानुवर्षं गोठलेली असते. घराची ऊब खाली झिरपली की ती वितळते आणि घर एका बाजूला कलतं. नळाचे पाइप पुरणं म्हणजे मोठंच खर्चाचं काम. त्यामुळे त्यांचा मुलगा आणि त्याच्यासारखे कितीतरी लोक बिननळाच्या लाकडी घरात राहतात, गावातल्या पाण्याच्या केंद्रावरून कॅन भरून आणतात. उणे चाळीसच्या थंडीतही. नवऱ्याचे प्रश्न संपेनात, आजींचा चहा संपेना.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर जाऊन तेलाची पाइपलाइन पाहिली. उत्तर टोकावरच्या प्रुडो बेपासून दक्षिणेच्या व्हाल्डीझ बंदरापर्यंत ८०० मैल, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटर. १९७७ मध्ये ती सुरू झाली. तेल गरम असतं, म्हणून गोठलेल्या जमिनीच्या पट्ट्यात ती खांबांवर उचलून नेली आहे, आणि खांबांच्या डोक्यावर पत्र्याच्या पात्यांचे झुबके आहेत. ते जमिनीतली उष्णता वर ओढून हवेत सोडतात. जमीन गोठलेलीच राहावी म्हणून एवढा खटाटोप! नवरा त्या एका खांबाभोवती अर्धा तास फिरत होता.

विद्यापीठाच्या संग्रहालयात हिमयुगातला एक रानबैल आहे. १९७९ मध्ये सोन्याच्या खाणीवर काम करणाऱ्यांना गोठलेल्या मातीत तो सापडला. कातडीसकट. त्यावर निळसर खनिजाचा थर चढलेला आहे आणि पाठीवर सिंहाच्या नखांच्या खुणा दिसतात. मी काचेला नाक लावून पाहिलं. ओरखडे ताजे वाटतात.

जेवणाचं म्हणाल तर या गावात थाई खानावळी इतक्या आहेत की शाकाहारी माणसाला खाण्याची ददात पडत नाही. उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ आले आणि रोज नारळाच्या दुधातली भाजी जेवले. बाजारात कोबी पाहिला तो दोन हातांत मावेना. उन्हाळ्यात जवळजवळ दिवसभर ऊन मिळतं त्याचा हा परिणाम. याच सुमारास पामर गावच्या जत्रेत कोबीचं वजन करण्याची स्पर्धा असते, तिथे २०१२ साली १३८ पौंडांचा कोबी आला होता. किलोत करून पाहा.

रात्री दीडला दारावर टकटक झाली. आजी ब्लँकेट गुंडाळून उभ्या. "आलेत," एवढंच म्हणाल्या. अंगणात गेलो तर झाडांच्या वर फिकट हिरवा पट्टा पसरला होता. आधी मला ढगच वाटला. मग तो एका टोकाकडून हलायला लागला, त्याच्या खालच्या काठावर क्षणभर गुलाबी झाक आली आणि सगळा पट्टा घडी उलगडावी तसा उत्तरेला सरकला. नवरा गप्प होता. आजी मात्र बोलत होत्या, कुठल्या वर्षी किती लाल दिसले होते ते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याआधी इथे रात्र पुरेशी काळी होतच नाही. ज्यांना हे उत्तरेचे दिवे, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, बघायचेत आणि थंडीही सोसवत नाही, त्यांनी हाच काळ धरावा.

एक व्यवहाराची गोष्ट: गरम कपड्यांचा एक पूर्ण जोड, रोजची औषधं आणि पावसाळी जॅकेट हातातल्या बॅगेतच ठेवा. आमच्या बॅगा, आम्ही पुढच्या मुक्कामाला, डेनाली राष्ट्रीय उद्यानात, पोहोचल्यावर आमच्यामागून आल्या. आजींची जॅकेटं आम्ही अँकरेजहून टपालाने परत केली, सोबत भाकरवडीचं एक पाकीट ठेवून.

डेनालीकडे

फेअरबँक्सहून डेनालीपर्यंत आगगाडी चार तास घेते. वाटेत नेनाना गाव लागतं. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी इथेच या रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला. त्याहून मला आवडली ती पैजेची गोष्ट. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर लाकडी तिकाटणं उभं करतात आणि वसंतात बर्फ नेमका कधी फुटेल, कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, यावर अख्खं राज्य तिकिटं लावतं. १९१७ पासून हे चालू आहे. त्या नोंदी हवामानाच्या अभ्यासकांच्याही कामी येतात.

पार्कच्या दाराशी पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. बर्च पिवळे पडायला लागले होते. रस्त्याकडेच्या फायरवीडच्या गुलाबी फुलांचा बहर शेंड्यापर्यंत जाऊन संपला होता आणि पांढरा कापूस उडत होता. फुलं शेंड्याला पोहोचली की उन्हाळा संपला, असं इथले लोक धरून चालतात.

दुपारी कुत्र्यांचा तळ पाहिला. हिवाळ्यात पार्कच्या आतल्या रानात यंत्राची वाहनं नेत नाहीत. रेंजर कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालतात, आणि ही पद्धत १९२० च्या दशकापासून आहे. सुरुवात केली ती पहिले अधीक्षक हॅरी कार्स्टन्स यांनी. १९१३ मध्ये डेनालीच्या मुख्य शिखरावर पहिल्यांदा गेलेल्या तुकडीत ते होते, आणि त्या तुकडीतून सर्वांत आधी माथ्यावर पाऊल ठेवलं ते अलास्काच्याच मातीतल्या वॉल्टर हार्पर यांनी. प्रात्यक्षिकासाठी पाच कुत्रे निवडायला रेंजर मुलगी आली तेव्हा सगळा तळ ओरडायला लागला. निवड न झालेला एक म्हातारा कुत्रा आपल्या लाकडी घराच्या छपरावर चढला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. त्याची समजूत काढायला ती मुलगी परत गेली, तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटलं.

डेनाली: बसचा दिवस

पार्क पुणे जिल्ह्याच्या दीडपट, आणि त्यात जाणारा रस्ता एकच, ९२ मैलांचा. खासगी गाडी पहिल्या १५ मैलांपर्यंत नेता येते, पुढे पार्कची बस. २०२१ च्या ऑगस्टपासून एका ठिकाणी डोंगरउतार सरकत असल्यामुळे आम्ही गेलो तेव्हा बस ४३ व्या मैलापर्यंतच जात होती. आतला बर्फ वितळतोय म्हणून रस्ता खाली वाहून चाललाय. तिथे पूल बांधण्याचं काम काढलेलं आहे, तेव्हा जाण्यापूर्वी सध्याची स्थिती बघून घ्या.

आमची चालक हिवाळ्यात शाळेत शिकवणारी बाई होती. तिने सुरुवातीलाच नियम सांगितले: काही दिसलं तर मोठ्याने "थांबा" म्हणायचं आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा सांगायची. पहिल्या तासात "तीन वाजता!" असं कुणीतरी ओरडलं आणि तो एक दगड निघाला. मग मात्र खऱ्या गोष्टी सुरू झाल्या. नदीपात्रात एकटा कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडियर, शिंगांवरून सालीच्या चिंध्या लोंबत असलेला. कड्यावर पांढरे ठिपके, म्हणजे डॉल जातीच्या रानमेंढ्या. १९१७ साली हे पार्क स्थापन झालं ते मुळात याच मेंढ्यांना शिकाऱ्यांपासून वाचवण्यासाठी.

आणि एका वळणावर अस्वल. ग्रिझ्ली, सोबत दोन पिल्लं. चालकबाईंनी इंजिन बंद केलं. बसमध्ये कुणी शिंकतही नव्हतं. आई झुडपावरून तोंड आडवं फिरवायची आणि पानांसकट लाल फळं ओरबाडायची. थोडं थांबून पानं जिभेने बाहेर ढकलायची. पाठीवरची लव वाऱ्याने एका बाजूला झुकत होती. एक पिल्लू तिची नक्कल करत होतं, दुसरं स्वतःचा पाय चावत होतं. चालकबाई हळूच म्हणाल्या, "ही लहान आहे. तुम्ही पुढे समुद्राकडे जाताय ना? तिथली अस्वलं याच जातीची, पण कितीतरी मोठी. तिथे सॅमन मिळतो. इथे फळं आणि मुळं." नवऱ्याने ते लगेच वहीत टिपून घेतलं.

ईस्ट फोर्क नदीच्या पुलापाशी बस थांबते. आम्ही खाली पात्रात उतरलो. पात्र प्रचंड रुंद, गोट्यांनी भरलेलं, आणि पाणी त्यात वेगवेगळ्या धारांनी वाट काढत जाणारं. रंग राखाडी, दाट. मी हात घातला तर बोटं बधिर झाली, आणि हात वर काढल्यावर तळव्यावर बारीक पीठ राहिलं. चिमटीत चोळलं तर खरखर नाही, अगदी गव्हाच्या मैद्याइतकं मऊ. हिमनदी खडकावरून सरकताना तो दळला जातो, त्याचं हे पीठ. नवऱ्याने बाटली भरून खडकावर ठेवली. परत निघेपर्यंत तळाशी अजून काहीच बसलं नव्हतं, इतकं ते सूक्ष्म. "हे सगळं समुद्रापर्यंत जाणार," तो म्हणाला. धरणात साठणाऱ्या गाळाशी त्याने आयुष्यभर झगडा केलाय. इथे गाळ मोकळा वाहत होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

डेनाली शिखर आम्हाला दिसलं नाही. २०,३१० फुटांचा डोंगर, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच, आणि तो दिवसभर ढगात होता. उन्हाळ्यात येणाऱ्या दर तीन जणांपैकी साधारण एकालाच तो दिसतो. बसमधले काहीजण हिरमुसले. मला वाईट वाटलं नाही. पायाशी जे होतं तेच पुरेसं होतं: गुडघे टेकून बसलं की तुंड्रा म्हणजे वीतभर उंचीचं जंगल आहे हे कळतं. लाल झालेली बर्चची नखाएवढी पानं, करडा दगडफूल, त्यात निळ्या फळांची झुडपं. मी मूठभर ब्लूबेरी तोडून खाल्ल्या. आंबट जास्त, गोड कमी. स्वतःपुरती फळं तोडायला परवानगी आहे, मात्र तोडताना सतत बोलत राहायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही.

अंतराचे नियम पाठ करून जा. अस्वलापासून ३०० यार्ड, मूस नावाच्या प्रचंड हरणापासून २५ यार्ड. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. मूस अंगावर आली तर मात्र पळायचंच. अस्वलासाठीचा तिखट फवारा विमानात नेता येत नाही, तिथेच घ्या आणि तिथेच देऊन या.

अँकरेज आणि व्हिटियर

डेनाली ते अँकरेज हा दिवसभराचा आगगाडीचा प्रवास. हरिकेन गल्च नावाच्या दरीवर २९६ फूट उंचीचा पूल आहे, तिथे गाडी मुद्दाम हळू होते. टल्कीट्नाला गिर्यारोहक उतरले. डेनालीवर जाणाऱ्या प्रत्येकाला इथल्या रेंजर ठाण्यावर नोंद करावी लागते. डब्यात आमच्यासमोर एक वृद्ध जोडपं होतं. आजोबांनी १९६४ चा भूकंप लहानपणी अनुभवलेला. गुड फ्रायडेची संध्याकाळ, तीव्रता ९.२, साडेचार मिनिटांच्या आसपास जमीन हलत राहिली. "पहिल्या मिनिटात माणूस घाबरतो," ते म्हणाले, "नंतर त्याला वाटतं, आता हे असंच राहणार." कोयनेचा भूकंप आमच्या घरात अजून सांगितला जातो, त्यामुळे नवरा आणि ते पुढे दोन तास बोलत बसले.

अँकरेजहून व्हिटियरला जाताना टर्नअगेन आर्म नावाची खाडी लागते. ओहोटीला मैलोन्‌मैल राखाडी चिखल उघडा पडतो. दिसायला भक्कम, पण त्यात पाय रुततो आणि भरती झपाट्याने येते. तिथे चालायला उतरू नका, अशा पाट्या लावलेल्या आहेत. हा चिखल म्हणजे आम्ही डेनालीला पाहिलं तसंच हिमनद्यांनी दळलेलं पीठ, समुद्रापर्यंत पोहोचलेलं. नवऱ्याने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

पुढे डोंगराच्या पोटातून चार किलोमीटरचा एकेरी बोगदा. त्याच रुळांवरून गाड्याही जातात आणि आगगाडीही, आळीपाळीने. पलीकडे व्हिटियर. गावातले बहुतेक सगळे लोक एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. दुकान, टपाल सगळं तिथेच. शाळेत जायला भुयार आहे, कारण हिवाळ्यात बाहेर पडणं अवघड. इतकी पूर्ण सोसायटी मी कुठेच पाहिली नाही.

समुद्रावर

बोटीचं वर्णन फार करत नाही. खोली स्वच्छ, जेवण गरजेपेक्षा खूप जास्त. शाकाहारी असाल तर आदल्या रात्री मुख्य वाढप्याला सांगून ठेवा. भारतीय आचारी असतो, वरण-भाताची सोय होते. आम्ही आतली, खिडकी नसलेली खोली घेतली आणि उरलेले पैसे जमिनीवरच्या मुक्कामांना वापरले. दिवसभर डेकवरच असतो, खिडकी हवी कशाला?

प्रिन्स विल्यम साउंडमधून बाहेर पडताना समुद्री पाणमांजरं दिसली. पाठीवर पडून, छातीवर शिंपले आपटत. यांच्या कातड्यांच्या लोभानेच रशियन व्यापारी इथे आले होते. आणि १९८९ मध्ये, फेअरबँक्सजवळ आम्ही पाहिलेल्या त्याच पाइपलाइनचं तेल घेऊन व्हाल्डीझहून निघालेलं जहाज याच पाण्यात खडकावर आदळलं. एक कोटी गॅलनहून जास्त तेल सांडलं, हजारो पाणमांजरं मेली. आज ती पुन्हा दिसतात. डेकवर उभं राहून त्यांना मोजत होते तेव्हा मला तो पत्र्याच्या पात्यांचा खांब आठवत होता. एका टोकाला इतकी काळजी, आणि दुसऱ्या टोकाला एका रात्रीत झालेला हा घात.

खुल्या आखातात बोट डोलते. आल्याच्या वड्या पुण्याहून नेल्या होत्या, त्या शेजाऱ्यांनाही वाटल्या.

सकाळी डेक धुणारा एक मुलगा आमचं बोलणं ऐकून थबकला. वेंगुर्ल्याचा निघाला. "काकू, पाऊस कसा आहे यंदा?" हा त्याचा पहिला प्रश्न. गणपतीला घरी जाता येत नाही, आई मखराचे फोटो पाठवते, म्हणाला. त्याने आम्हाला सांगितलं की उद्या पहाटे पुढच्या डेकचं दार उघडतील, गर्दी व्हायच्या आत या. ही माहिती बोटीच्या कुठल्याच पत्रकात नव्हती.

ग्लेशियर बे

पहाटे पुढच्या डेकवर आम्ही आणि दहा-बारा माणसं. हवा गोठवणारी, पाणी हिरवट दुधी. दिवसाला दोनच मोठ्या बोटींना इथे प्रवेश आहे. पार्कचे रेंजर छोट्या होडीतून येऊन शिडीने बोटीवर चढतात आणि दिवसभर सोबत राहतात. त्यांच्याबरोबर हूना ट्लिंगिट समाजातली एक स्त्री होती. हा उपसागर म्हणजे तिच्या पूर्वजांची जमीन. अठराव्या शतकाच्या मध्याला हिमनदी पुढे सरकत आली आणि तिने त्यांची गावं पुसली. लोक होड्यांतून निघून गेले. पुढे बर्फ मागे हटला.

१७९४ मध्ये ब्रिटिश कप्तान व्हॅन्कुव्हर यांच्या मोहिमेतले खलाशी इथे आले तेव्हा उपसागर म्हणावा असं फारसं काही नव्हतं, किनाऱ्याजवळच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्युर आले तोवर ती चाळीसहून अधिक मैल आत गेली होती. आता ६५ मैल आत आहे. पुण्याहून साताऱ्याइतकं अंतर, आणि आपली बोट त्या सगळ्या अंतरावरून पाण्यातून जाते, जिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता. तोंडाजवळच्या डोंगरांवर दाट सूचिपर्णी जंगल, थोडं आत गेलं की अल्डरची झुडपं, आणखी आत नुसतं शेवाळ, आणि शेवटी नागडा खडक. जमीन कशी वयात येते ते एका सकाळीत उलट क्रमाने बघायला मिळतं.

मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच. पांढरी म्हणावी तर नाही. भेगांमध्ये निळी, कडेला मातीने काळी. दाबाखाली बर्फातली हवा निघून गेली की तो लाल रंग शोषतो आणि निळा सोडतो. बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या टोकाचा एक सुळका, आधी आवाज न करता, खाली बसला. पाणी उसळलं. आवाज नंतर आला, छातीत जाणवणारा. त्या स्त्रीने सांगितलं की तिच्या लोकांच्या भाषेत याला पांढरा गडगडाट म्हणतात. तुटलेल्या तुकड्यांवर सीलमाद्या पहुडल्या होत्या. एकीने मान उचलून पाहिलं आणि पुन्हा झोपली.

माझं स्पष्ट मत: बोट निवडताना बाकी काहीही सोडा, पण ग्लेशियर बे यादीत नसेल तर ती बोट घेऊ नका.

स्कॅगवे

१८९७-९८ च्या, कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत हजारो लोक इथे उतरले. कॅनडाचे पोलीस सीमेवर उभे. वर्षभर पुरेल एवढी, साधारण टनभर शिधासामग्री असल्याशिवाय पुढे सोडत नसत. ती पाठीवरून वर न्यायची, पुन्हा खाली यायचं, पुन्हा न्यायची. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले. १९०० मध्ये पूर्ण झालेली अरुंद रुळांची रेल्वे आता त्याच दरीतून वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. डाव्या बाजूला बसा. खाली जुनी पायवाट अजून दिसते, एका माणसाच्या रुंदीची. खंडाळ्याच्या घाटातल्या रेल्वेचं मला नेहमीच कौतुक वाटतं, पण इथे हिवाळ्यात कुणी सुरुंग लावले असतील?

गावातली दुकानं दागिन्यांची आहेत, तिथे वेळ घालवू नका.

जूनो

सकाळी छोट्या बोटीने देवमासे बघायला गेलो. हिवाळ्यात हे हंपबॅक हवाईला जातात, तिथे पिल्लांना जन्म देतात आणि जवळजवळ काहीच खात नाहीत. उन्हाळ्यात इथे येऊन वर्षाचं खातात. आमच्या समोर सात-आठ जणांनी मिळून शिकार केली: खोलवरून बुडबुड्यांचं कडं सोडत वर यायचं, हेरिंगचा थवा आत कोंडायचा, आणि सगळ्यांनी एकदम तोंडं उघडून वर उसळायचं. पाण्यावर सीगल घिरट्या घालायला लागले की दहा सेकंदांत ते होणार, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला समजलं. देवमाशाचा श्वास वाऱ्याने आमच्याकडे आला. सडक्या मासळीचा वास. कुणीही नाक झाकलं नाही.

दुपारी मेंडनहॉल हिमनदी. तिथल्या स्टीप क्रीक ओढ्यावर उंच लाकडी पूल आहे. खाली सॅमन, लालभडक झालेले, पाठी पाण्याबाहेर. आणि पुलाखालून एक काळं अस्वल आलं. ओढ्यात उभं राहिलं, थोडं पाहिलं, एका झडपेत मासा उचलला. काठावर नेऊन पोट फाडलं आणि आधी गाभोळी खाल्ली. नारिंगी दाणे त्याच्या नाकाला चिकटले होते. बाकीचा मासा तिथेच टाकून ते दुसरा आणायला गेलं.

माझ्या शेजारची रेंजर म्हणाली, टाकलेला मासाही वाया जात नाही. अस्वलं अशी कलेवरं झाडांखाली ओढून नेतात, ती कुजतात, आणि मुळं ते खत घेतात. समुद्रातला नायट्रोजन जमिनीवरच्या नायट्रोजनपेक्षा थोडा निराळा ओळखता येतो, आणि शास्त्रज्ञांना तो ओढ्याकाठच्या स्प्रूसच्या झाडांत सापडला आहे. म्हणजे डोंगर नदीवाटे समुद्राला माती देतो आणि समुद्र माशांवाटे डोंगराला खत परत करतो. नवरा कठड्याला टेकून हे ऐकत होता. इतके दिवस तो पाण्याबरोबर खाली खालीच येत होता. उलट्या दिशेची ही वाहतूक त्याच्या हिशेबात नव्हती. त्याने तिला इतके प्रश्न विचारले की आमची बस चुकायची वेळ आली.

केचिकन

पाऊस. इथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो हे मी एका दुकानदाराला सांगितलं तेव्हा त्याला ते खरं वाटेना. मग त्याने फोनवर शोधून पाहिलं आणि आम्हाला कॉफी दिली. फरक एवढाच की आपल्याकडे चार महिने, इथे बारा. छत्री कुणी वापरत नाही. बूट मात्र जलरोधक हवेतच.

क्रीक स्ट्रीटची घरं ओढ्यावर खांब रोवून उभी आहेत आणि खाली गुलाबी सॅमन खच्चून भरलेले. अंडी घातल्यावर ते सगळे मरतात. काठावर मेलेल्यांचा थर, वास उग्र. लोक नाक मुरडून पुढे जात होते. जूनोला जे ऐकलं होतं त्यानंतर आम्ही तिथेच बराच वेळ उभे राहिलो.

दुपारी टोटेम खांबांचं, म्हणजे कुळाची चिन्हं कोरलेल्या लाकडी खांबांचं संग्रहालय. एकोणिसाव्या शतकातले देवदार, रंग उडालेले, चिरा पडलेले, पण गरुडाची चोच आणि अस्वलाचे पंजे अजून ठसठशीत. नवीन रंगवलेल्या खांबांपेक्षा हे बघा.

व्हॅन्कुव्हर

बोट पहाटे लायन्स गेट पुलाखालून गेली. इथे उतरायचं म्हणजे भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकेचा वेगळा. दोन्हींची सुरुवात फार आधी करा, अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला खूप वेळ लागू शकतो. सिएटलहून जाऊन सिएटललाच परतणारी बोट घेतली तरी ती वाटेत कॅनडाच्या बंदराला लागते, तेव्हा तिथलेही नियम तपासा.

जून-जुलैत दिवस सर्वांत मोठा आणि डास सर्वांत जास्त. ऑगस्टअखेर डास कमी, तुंड्रा लाल, फळं पिकलेली, ओढे सॅमनने भरलेले, पण पाऊस ठरलेला. आम्हाला हा सौदा मान्य होता. आणि दिवस कमी करावे लागले तर ते बोटीचे करा, डेनालीचे नको. बसच्या प्रवासाला एक पूर्ण दिवस आणि पायी हिंडायला आणखी एक, एवढं तिथे हवंच.